अनुपलब्धी

संगणकाचा प्रोग्राम म्हणजे ओळीखाली ओळ लिहिलेला मजकूर, अशी माझी समजूत होती. भाच्याने ‘नोड-रेड’ दाखवले तेव्हा ती ढळली. पडद्यावर रंगीत चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या तारा. डावीकडून निरोप शिरतो, उजवीकडे बाहेर पडतो. आयबीएममधील निक ओ’लिअरी आणि डेव्ह कॉनवे-जोन्स यांनी २०१३ साली हे साधन रचले. त्यामागची कल्पना मात्र जुनी, जे. पॉल मॉरिसन यांची, १९७०च्या दशकातली. मला आपला शाळेतला वाक्यपृथक्करणाचा तक्ता आठवला. असो.

प्रश्न आईचा होता. वय ८४, वाईला एकटी राहते आणि पुण्याला यायचे नाव काढत नाही. भाच्याने तिच्या स्वयंपाकघरात हालचाल टिपणारा सेन्सर बसवला, फडताळात रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक ठेवला आणि मला म्हणाला, “मामा, आजी ठीक नाही हे कशावरून ओळखायचं? तेवढी अट तुम्ही सांगा.”

तीस वर्षे अर्थनिर्णयन शिकवणारा मी निरुत्तर झालो. अखेर ठरले ते असे : पहाटे ५ वाजता ‘ट्रिगर’ नावाच्या चौकटीने अडीच तासांची वाट पाहायला सुरुवात करायची. दरम्यान स्वयंपाकघरात हालचाल झाली, तर वाट पाहणे रद्द. काहीच घडले नाही, तरच माझ्या फोनवर निरोप. काही न घडणे हीच बातमी! भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, ते हेच. जमिनीवर घट दिसत नाही, यावरून घटाचा अभाव कळतो. पण त्यांची एक अट असते : घट तिथे असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. ही अट मी वर्गात अनेकदा फळ्यावर लिहिली आहे.

श्रावणातल्या एका सकाळी साडेसातला निरोप आला. आईचा फोन वाजत राहिला. पुणे ते वाई अंतर त्या दहा मिनिटांत मी मनाने कितीदा कापले, कोण जाणे. शेवटी शेजारच्या घरी फोन लावला. “काकू इथेच आहेत, चारपासून,” सून हलक्या आवाजात म्हणाली. तिच्या सासूबाई रात्री गेल्या होत्या. आईची पन्नास वर्षांची मैत्रीण.

आई घरातच असेल, हे आम्ही गृहीत धरले होते. त्यासाठी चौकटच काढली नव्हती.

दुपारी आईशी बोललो. मैत्रिणीबद्दल ती थोडेच बोलली. मग तिने विचारले, “सकाळी तुला माझी आठवण झाली होती, की त्या डबीनं सांगितलं म्हणून फोन केलास?”

आता मी रोज सहालाच फोन करतो. ती चहा ठेवत असते. डबीही चालू आहे. ती काढून टाकण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.