गैरहजर

परवा रात्री अकराला पाणी प्यायला उठले, तर नात लॅपटॉप उघडून बसलेली. तिचं ऑफिस इथेच येरवड्यात, कॉमरझोनमध्ये. पण रात्रीची कामं ती घरूनच करते.

"अगं, झोपायचं नाही का?"

"आजी, नवा प्रोग्रॅम चाळीस सर्व्हरवर चढवायचाय. काही मुंबईत आहेत, काही सिंगापूरला."

मला वाटलं, आता पहाट होणार. पण तिने एक ओळ टाइप केली, एंटर दाबलं आणि मांडी घालून बसली! अ‍ॅन्सिबल नावाचं साधन आहे म्हणे, २०१२ सालचं. एका फाइलमध्ये सर्व्हरांची यादी, दुसरीत कामं क्रमाने लिहिलेली. ते स्वतःच प्रत्येक सर्व्हरशी जोडून घेतं, कामं उरकतं आणि शेवटी तक्ता दाखवतं. अगदी आमच्या कॅटलॉगसारखा. एकोणचाळीस नावांपुढे सगळं ठीक, एकापुढे 'अनरीचेबल'. म्हणजे गैरहजर.

"एकच राहिलाय ना? उद्या बघ."

तेव्हा तिने सांगितलं. १ ऑगस्ट २०१२ला अमेरिकेत नाइट कॅपिटल या शेअरदलाल कंपनीचं असंच झालं. हाताने प्रोग्रॅम चढवताना आठांपैकी एक सर्व्हर राहिला आणि त्यावरचा जुना प्रोग्रॅम जागा झाला. बाजार उघडण्यापूर्वी चुकीची सूचना देणाऱ्या ९७ ईमेल आल्या होत्या, पण कोणी दखल घेतली नाही. ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान!

मी गप्प झाले. मला १९८६चा माझा सातवीचा वर्ग आठवला. स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख मी वर्गात सांगितली, "समजलं ना सगळ्यांना?" विचारलं, "होऽऽ बाई" असा गजर झाला. एक मुलगा तापाने घरी होता. कॅटलॉगात त्याची गैरहजेरी मीच मांडली होती. तारीख उलटल्यावर तो फॉर्मचे पैसे मुठीत घेऊन आला. "बाई, मला कुणी सांगितलंच नाही." मी म्हणाले, "वर्गात सांगितलं होतं."

किती सोपं उत्तर! हुशार मुलगा होता हो. त्याची परीक्षा हुकली ती हुकलीच.

पाऊण वाजता नात म्हणाली, "आला गं! चाळीसच्या चाळीस." मग दोघींनी चहा घेतला.

असो. सगळ्यांना एकदम सांगायला एक ओळ पुरते. खरं काम त्या तक्त्यातल्या गैरहजराचं नाव वाचण्यापासून सुरू होतं. ते मला जरा उशिराच कळलं.