लहानांची मोठी सिस्टर

इंदूरच्या भंवरकुआंतल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये भिंतीचा मूळ रंग कोणता, हे घरमालकालाही सांगता यायचं नाही. भारताचा नकाशा, राज्यघटनेची कलमं, मध्य प्रदेशातल्या नद्या आणि या सगळ्यांच्या वर सेलोटेपनं चिकटवलेला पुढच्या आयुष्याचा आराखडा. अमुक साली प्रिलिम्स, तमुक साली मेन्स, मग इंटरव्ह्यू आणि मग एकदम डेप्युटी कलेक्टर. खरगोन, बडवानी, बैतूलकडून आलेली पोरं टिफिनच्या डब्यावर आणि चोवीस तास उघड्या लायब्रऱ्यांच्या मासिक फीवर ही वर्षं काढतात. चौकाला २०२१ पासून टंट्या मामा भिल्लांचं नाव आहे. रिक्षावाले मात्र अजून ‘भंवरकुआं, भंवरकुआं’ असंच ओरडतात.

आमच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या मुलीच्या भिंतीवरचा कागद जरा निराळा आहे. ती बुऱ्हाणपूरची, घरी मराठी, बाहेर हिंदी आणि फोनवर दोन्हींची खिचडी. कागदाच्या तळाशी बीएस्सी नर्सिंग, त्यावर नोंदणी, त्यावर एम्सची नॉरसेट परीक्षा, त्यावर दोन-तीन प्रश्नचिन्हं आणि सगळ्यात वर लाल पेनानं गिरवलेलं: सीनियर नर्स, बच्चा वॉर्ड. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला विचारलं, ‘अगं, बच्चा वॉर्डच का?’ ती म्हणाली, ‘काकू, मोठी माणसं कुठं दुखतंय ते सांगतात. त्यात काय मजा?’

उत्तर उद्धट वाटलं आणि आवडलंही.

पण तिचा कागद जितका सरळ वर चढतो, तितका आपल्याकडचा जिना सरळ बांधलेला नाही. इंग्लंडात एखादी मुलगी अठराव्या वर्षी ठरवू शकते की आपण लहान मुलांचीच नर्स व्हायचं. त्या शाखेची पदवी वेगळी, नोंदणीही वेगळी. आपल्याकडे आधी सगळ्यांची नर्स व्हावं लागतं. बीएस्सीच्या चार वर्षांत म्हातारी माणसं, बाळंतिणी, मनोरुग्ण, ऑपरेशन थिएटर, खेड्यातलं लसीकरण, सगळं करायचं. बालरोग हा त्यातला एक विषय. मुलांकडे वळायचं ते नंतर. एक वाट नवजात शिशूंच्या शुश्रूषेच्या एक वर्षाच्या पोस्ट बेसिक डिप्लोमाची, दुसरी वर्षभर नोकरी करून मग दोन वर्षांच्या एमएस्सीची, तीही चाइल्ड हेल्थ नर्सिंग हाच विषय मिळाला तर. एवढं शिकून नोकरीला लागलं, तरी कुठल्या वॉर्डात उभं राहायचं ते ड्यूटी रोस्टर ठरवतं. नवजात बाळांचा डिप्लोमा घेतलेली सिस्टर हाडांच्या वॉर्डात प्लास्टर सांभाळत बसलेली मी पाहिली आहे.

आणि तिच्या पिढीला तर पहिली पायरीच धडपणे मिळाली नाही. मध्य प्रदेशातल्या नर्सिंग कॉलेजांचा घोटाळा ठाऊक नाही असं घर या भागात सापडणं कठीण. खाटांशिवाय रुग्णालय, शिक्षकांशिवाय वर्ग अशी कॉलेजं उघडकीला आली, २०२३च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठानं परीक्षांना स्थगिती दिली, तपास सीबीआयकडे गेला आणि मे २०२४मध्ये तपास करणाऱ्यांपैकीच काहींना लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. हिनं कोरोनाच्या वर्षी प्रवेश घेतलेला. बरोबरच्या मैत्रिणींनी बीए, बीकॉम करून लग्नंही उरकली, तेव्हा ही अजून मधल्याच वर्षाच्या परीक्षेची तारीख शोधत होती. त्या दिवसांबद्दल ती फारसं बोलत नाही. बुऱ्हाणपुराहून वडिलांचा फोन आला की गच्चीवर जाऊन बोलायची, एवढंच आम्हाला माहीत.

आता ती नॉरसेटचा अभ्यास करते. देशभरातल्या एम्ससाठी नर्सिंग ऑफिसर निवडणारी ही परीक्षा २०२० साली सुरू झाली. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. जीएनएम डिप्लोमा झालेल्यांना वर आणखी एक अट: किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव. बीएस्सीवाल्यांना ती नाही, म्हणूनच हिनं कॉलेज सोडलं नाही. निवड झाली तर मूळ वेतन ४४,९०० रुपये. वरच्या पायरीला, सीनियर नर्सिंग ऑफिसरला, ४७,६००. म्हणजे भिंतीवर लाल पेनानं गिरवलेल्या त्या स्वप्नाची सरकारी किंमत सुरुवातीला २,७०० रुपये. भंवरकुआंत साधारण एका महिन्याचा टिफिन. मी हे हिशेब करून दाखवल्यावर ती हसली. पैशासाठी वर जायचं नाहीये, म्हणाली. मग कशासाठी, हे तेव्हा तिलाही नीट सांगता आलं नाही. मला मात्र ते थोडंफार ठाऊक होतं.

माझा नातू आठ महिन्यांचा असताना जुलाबांनी पार गळून गेला होता. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे आणि रडायचं तर आवाज नाही. दोन तरुण सिस्टरांनी हातावर, मग पायावर शीर शोधून पाहिली. सुकलेल्या बाळाची शीर दिसत नाही, दिसलीच तर सुई लागताच मिटते. तेवढ्यात पन्नाशीच्या एक सिस्टर आल्या. त्यांनी आधी माझ्या सुनेला पाळण्याजवळ ओढून बाळाच्या डोक्यापाशी बसवलं, ‘बोलत राहा त्याच्याशी’ म्हणाल्या. मग खोलीतला दिवा मालवायला सांगितला आणि एक छोटी टॉर्च बाळाच्या तळहाताखाली धरली. तळवा आतून लाल उजळला आणि त्या लालीत शीर काळ्या रेघेसारखी उमटली. पिवळ्या टोकाची, २४ नंबरची सुई आत गेली, पट्टी बसली, हाताला पुठ्ठ्याची फळी बांधली गेली. सगळं होईपर्यंत त्या बाळाशी गप्पाच मारत होत्या, त्याच्या मामाचं नाव काय वगैरे.

पुढचं मला जास्त लक्षात राहिलं. त्या दोघींमधल्या एका तरुण सिस्टरला त्यांनी तिथंच उभं केलं आणि तोंडी हिशेब विचारला. बाळ सात किलोचं, किलोमागे दिवसाला १०० मिली, किती झाले? ७००. चोवीस तासांत, म्हणजे तासाला? २९. मग मिनिटाला थेंब किती? मुलगी कागद शोधायला लागली. ‘कागद नको. मायक्रोड्रिपला ६० थेंबांचा एक मिली, म्हणजे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. २९. आता हे रोजच्या गरजेचं झालं, जुलाबात गेलेलं डॉक्टर वेगळं लिहितील ते यात मिळव.’ ती मुलगी घड्याळाकडे पाहत थेंब मोजू लागली. मोठ्या माणसाला पन्नास मिली जास्त गेलं तर फारसं काही बिघडत नाही. सात किलोच्या जिवाचं बिघडू शकतं. बालरोग परिचर्येतलं मोठेपण मला तरी असं दिसलं: शीर सापडणं हा त्यातला अर्धा भाग, पुढच्या मुलीला उभं करून हिशेब वदवून घेणं हा दुसरा.

गंमत अशी की सरकारी बढतीच्या वाटेवर हेच सुटत जातं. महाराष्ट्रात अधिपरिचारिकेची परिसेविका होते, मग सहायक अधिसेविका, मग अधिसेविका. प्रत्येक पायरीवर एक रजिस्टर वाढतं आणि एक पाळणा कमी होतो. मध्य प्रदेशात नावं निराळी, चाल तीच. बढती सेवेच्या वर्षांवर मिळते, अंधारात शीर शोधता येते का यावर नाही. उत्तम हात असलेली बाई शेवटी चादरी, गॉज आणि रजेचे अर्ज मोजते. कुणीतरी ते मोजायलाच हवं, हे खरं. आणि काही बिघडलं की जाब सिस्टरांनाही द्यावा लागतो. २०२५च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इंदूरच्या एमवाय रुग्णालयात नवजात विभागातल्या दोन बाळांना उंदीर चावले आणि दोन्ही बाळं दगावली. मृत्यूची कारणं वेगळी आहेत असं रुग्णालयानं सांगितलं. कारवाईत नर्सिंग ऑफिसर निलंबित झाल्या, नर्सिंग अधीक्षकांना पदावरून दूर केलं गेलं. त्या आठवड्यात वरच्या खोलीत दिवा उशिरापर्यंत जळत होता. तिनं मला विचारलं, ‘काकू, पेस्ट कंट्रोलचा ठेका सिस्टर देतात का?’ मी नाही म्हटलं. ‘मग?’ या ‘मग’वर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढंच सुचलं की ज्या सिस्टरच्या ओरडण्याला वजन आहे ती तरी तिथे असायला हवी, आणि वजन यायला पद लागतं. तिच्या लाल पेनाचं कारण बहुधा इथे कुठेतरी आहे.

आपल्या समाजानं या कामाला वजन द्यायला नेहमीच खळखळ केली. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलींना, त्यात विधवांना, ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा भल्या घरच्या बायकांनी परक्यांची अंगं पुसायची का, असा प्रश्न होता. आज प्रश्न तो नाही. बुऱ्हाणपूरला तिच्यासाठी स्थळं येतात ती नर्सच आहे म्हणून येतात, ‘नोकरी सरकारी असेल तर’ एवढी एक अट घालून. नाइट ड्यूटी मात्र नको म्हणतात. बच्चा वॉर्डातली मुलं रात्रीही आजारीच असतात हे त्यांना कोण सांगणार!

सध्या तिच्या घरात वाद चालला आहे तो पसंतीक्रमाचा. निवड झाली तर कुठलं एम्स आधी लिहायचं? वडील म्हणतात भोपाळ, रात्रीत घरी येता येतं. आई म्हणते नागपूर, मावशी तिथे आहे आणि भाषाही आपलीच. मुलगी म्हणते, जिथे नवजात विभागातून तीन वर्षं हलवणार नाहीत ते. असं काही फॉर्मवर लिहिलेलं नसतं, हे मी तिला सांगून पाहिलं.

‘नसू दे,’ ती म्हणाली. ‘जॉइन झाल्यावर मेट्रनला विचारीन. नाही म्हटल्या तर पुढच्या महिन्याचं रोस्टर लागायच्या आधी परत विचारीन.’

वडिलांनी तूर्तास भोपाळ एक, नागपूर दोन असं कागदावर लिहून पाठवलं आहे. तो कागद तिनं अजून भिंतीवर लावलेला नाही.