धुराशिवाय चिमणी

इंदूरच्या निसर्गचित्रात राजवाडा येतो, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या येतात, खान नदी येते. मला ओढ मिलच्या चिमणीची.

देवळालीकर मास्तरांनी 1927 साली इथे चित्रशाळा काढली. बेंद्रे, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर तिथे घडले, हुसेनही तिथलेच विद्यार्थी. उघड्यावर बसायचं आणि ऊन सरकायच्या आत त्याचा रंग पकडायचा, ही दृक्प्रत्ययवादी रीत आम्हाला त्या परंपरेतून मिळाली. त्या काळी मालवा, हुकुमचंद, राजकुमार अशा कापडमिलांच्या भोंग्यावर हे शहर उठायचं.

याच रीतीचा चित्रकार मोने, त्याचा 1872 चा ‘सूर्योदय’ म्हटला की सगळ्यांना नारिंगी सूर्य आठवतो. पण त्या धुक्यामागे ल हाव्रचं बंदर आहे, याऱ्या आणि चिमण्या आहेत. पुढे 1877 मध्ये त्यानं सँ-लाझार स्टेशनात इंजिनाच्या वाफेची चित्रंच्या चित्रं रंगवली. बाहेर बसून रंगवणं सोपं झालं तेही 1841 साली निघालेल्या रंगाच्या धातूच्या ट्यूबमुळे. आम्ही झाडाला लावतो तो व्हायरिडियन हिरवाही कारखान्यातलाच. निसर्ग आणि कारखाना असे दोन कप्पे मला म्हणूनच पटत नाहीत.

धूर काळा नसतो. विरळ धूर कडुलिंबाच्या गर्द सावलीपुढे निळसर दिसतो, तोच वर उजळ आकाशापुढे गेला की तांबूस तपकिरी होतो. एकाच फटकाऱ्यात, रंग ओला असतानाच हा बदल साधावा लागतो. त्यात चिमणीचं टोक विरघळतं, आणि वीट कुठे संपली, आभाळ कुठे सुरू झालं, ते सांगावं लागत नाही.

बंद मिलच्या चिमणीला ही सोय नाही. दोन्ही कडा धारदार, आकाश उभं कापलेलं. रचनेसाठी थोडा धूर घाला, असं जाणकारही सुचवतात. मी घालत नाही. त्या धुरात हजारो घरांचा पगार होता. हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली, आणि कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागायला 2023 चा डिसेंबर उजाडला. एवढ्या वर्षांनंतर देखणेपणासाठी तिथे धूर काढणं मला खोटं वाटतं.

मग उन्हाकडची कड पिवळ्या मातकट रंगानं बोटानं जरा पुसतो, सावलीकडची तशीच ठेवतो. टोकाला मात्र हात लावत नाही. तिथे उगवलेला पिंपळ दिसला, तर तेवढा काढतो.