गवत नकली, खड्डा असली

आमच्या मागच्या अंगणात दरवर्षी जुलैमध्ये एक स्विमिंग पूल तयार व्हायचा. एकदम फुकट! फक्त त्यात पोहता यायचं नाही, कारण तो घोटाभरच असायचा आणि त्याची मेंबरशिप आधीच बेडकांनी घेतलेली असायची.

पुण्याच्या पूर्वेला आमचं रो-हाउस आहे, मागे वीस बाय पंधरा फुटांचं अंगण. रिटायर झाल्यावर बाबांनी फ्लॅट विकला तो केवळ या अंगणासाठी. ब्रोशरमध्ये तिथे मस्त लॉन होती, केनच्या खुर्च्या होत्या. प्रत्यक्षात मिळाली काळी माती. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या सोसायट्यांमधून लोकांना बोटीने बाहेर काढत होते. त्या मानाने आमचं तळं म्हणजे काहीच नाही. पण त्याच आठवड्यात आई संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावायला गेली, घसरली आणि मनगट मोडून बसली. बाबांनी मला चार फोन केले. मी डेडलाइनवर, फोन सायलेंटवर.

सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघालं, पण आई मागचं दार उघडेनाच. तुळस किचनच्या खिडकीत आली.

आता माझ्यासारख्या मुलीचं गिल्ट कसं निघतं? शॉपिंगने. मी ठरवलं, आर्टिफिशियल टर्फ. चिखल नाही, कापणं नाही, बारा महिने हिरवंगार. मी फोटो दाखवले. बार्शीकडच्या काळ्या रानात वाढलेले बाबा म्हणाले, ‘‘काळ्या आईवर प्लॅस्टिक अंथरणार?’’ आणि पेपर उघडला. विषय संपला.

तरी मी टर्फवाल्याला बोलावलंच. ‘‘मॅडम, दोन दिवसांचं काम. जमीन सपाट करायची, वर रोल टाकायचा. खाली भोकं असतात, पाणी आपोआप जातं.’’

पेपरामागून आवाज आला, ‘‘जातं कुठे?’’

उत्तर मिळालं नाही. मग बाबांनी कुदळ काढली. फूटभर खोल खड्डा खणला, काठोकाठ पाणी भरलं आणि त्यात माझी शाळेतली फूटपट्टी उभी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी जवळपास तिथल्या तिथेच! इतकी साधी टेस्ट आणि मी तोपर्यंत टर्फच्या हिरव्या शेड्स निवडत बसले होते.

काळ्या मातीचा फंडाच असा आहे. बेसॉल्ट झिजून झालेली ही माती म्हणजे नुसती बारीक चिकणमाती. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून जूनचा पहिला पाऊस भेगांमध्ये गडप होतो आणि आपण खूश. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि दार बंद. अशा चिकणमातीत साधारण तासाला १ ते ५ मिलिमीटरच पाणी मुरतं. त्यावर भोकांचं टर्फ टाकलं काय अन् चाळणी ठेवली काय! चाळणीखाली पातेलं असेल तर पाणी पातेल्यातच राहणार ना?

शिवाय बाबांना अजून एक शोध लागला. गच्चीचा पाइप थेट अंगणात सुटत होता. आमची गच्ची सहाशे स्क्वेअर फुटांची. ५० मिलिमीटर पाऊस झाला की एकट्या गच्चीचंच पावणेतीन हजार लिटर पाणी खाली येणार. म्हणजे त्या स्विमिंग पुलाचे बिल्डर आम्हीच होतो!

तो पाइप वळवून बंद पाइपने सरळ सोसायटीच्या पावसाळी गटारात नेला. (सेक्रेटरींची परवानगी कशी मिळवली, हा वेगळा लेख आहे.) मग नऊ इंच माती उपसली. तळाला शंभरला एक असा उतार दिला, म्हणजे वीस फुटांत साधारण अडीच इंच. त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड, कारण नाहीतर चिखल वर चढून खडीच बुजवतो. सखल कडेला भोकांचा पाइप, त्याचं तोंडही त्याच गटारात. वर जाड खडी, मग बारीक खडी, दाबून घट्ट. आणि सगळ्यात शेवटी, जणू केकवर आयसिंग, माझं टर्फ. खर्चाचा मोठा भाग खडी, पाइप आणि मजुरीतच गेला. माझ्या शॉपिंगच्या वाट्याला जेमतेम एक तृतीयांश.

खरं सांगायचं तर एवढं करून वर टर्फच हवं होतं असं नाही. खडीवर नुसत्या फरश्या मोकळ्या मांडल्या असत्या तरी चाललं असतं. पण आईला पायाखाली मऊ हवं होतं. आणि हो, प्रॉब्लेम्स आहेत. दुपारच्या उन्हात हे गवत जाम तापतं, अनवाणी पाय ठेवूनच बघा. शेजारचा लॅब्राडोर येऊन जातो, मग होजपाइपने धुवावं लागतं. आणि काही वर्षांनी हा सगळा प्लॅस्टिकचा कचरा आपलाच असणार आहे, त्याचं बाबांपुढे माझ्याकडे अजून उत्तर नाही. उपसलेली माती त्यांनी फेकू दिली नाही. भिंतीपासून थोडं लांब विटांचा वाफा केला आणि मोगरा लावला. तेवढा कोपरा खरा आहे.

२०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच आला. काम संपून जेमतेम पंधरा दिवस झाले होते. रात्री साडेदहाला धो धो सुरू झाला आणि बाबा छत्री-टॉर्च घेऊन गटारापाशी. त्यांच्या मागे मी, नाइट सूटवर. पाइपचं तोंड कोरडं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझ्या डोक्यात ईएमआय फिरायला लागला. मग गढूळ पाण्याची एक बारीक धार आली, जाड झाली आणि खळखळ वाहायला लागली.

‘‘आलं गं!’’ बाबा ओरडले. बोअरला पाणी लागल्यावर ओरडतात तसे.

आम्ही ओलेचिंब घरात आलो तेव्हा मागचं दार उघडं होतं. आई अंगणात, एका हाताने दाराची चौकट धरून, दुसऱ्या हातात छत्री. पाय जरा दाबून बघत म्हणाली, ‘‘तुळस उद्या बाहेर ठेवू. आणि दार लाव आता, डास येतील.’’