भिंत दोघांची असते

हल्ली घर बांधताना हॉलची एक भिंत टीव्हीसाठी आधीच ठरलेली असते. मधोमध टीव्ही, दोन्ही बाजूंना पुस्तकांचे खण, खाली कपाट आणि त्याच खणांत होम थिएटरचे स्पीकर. वायरी दिसत नाहीत, जागा वाचते, लहान मुलांचा हात पोचत नाही. वारंगा फाट्यावरच्या आमच्या घरातही असंच करायचं ठरलं. पण आमच्याकडे दोन गोष्टी अशा होत्या की नुसत्या देखणेपणावर भागणार नव्हतं.

पहिली गोष्ट म्हणजे अब्बांचे कान. वयोमानाने त्यांना कमी ऐकू येतं. टीव्हीवर आवाज असतो, पण शब्द कळत नाहीत, म्हणून दर दोन मिनिटांनी "काय म्हणाला?" असं विचारतात. दुसरी गोष्ट ती भिंत. वाटणीत जुनं घर मधोमध विभागलं गेलं, अर्धं अब्बांकडे, अर्धं चाचांकडे. टीव्हीची भिंत दोन्ही घरांची सामाईक आहे. पलीकडे चाचींची खाट आहे. त्या आजारी असतात, एकदा झोपमोड झाली की पुन्हा डोळा लागत नाही. भिंत नऊ इंची, पण कपाट आत घेतल्यामुळे त्या जागी जेमतेम साडेचार इंच उरलेली. वाटणी होऊनही दोन्ही घरांचं जाणं-येणं टिकलं ते थोरांच्या सबुरीमुळे. एका यंत्रापायी त्यात कडवटपणा यावा, हे कुणालाच नको होतं.

फाट्यावर नांदेड, हिंगोली आणि हदगावकडचे रस्ते मिळतात, ट्रक रात्रभर चालू असतात. तो आवाज आपल्या हातात नाही. घरातला मात्र आहे.

आवाज भिंतीतून कसा जातो, हे आधी समजून घ्यायला हवं. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. सेकंदाला 100 कंपनं असलेल्या जाड आवाजाची एक लाट 11 फुटांहून लांब असते, तर 3000 कंपनांच्या बारीक आवाजाची साडेचार इंचांच्या आसपास. लांब लाट फर्निचरला जुमानत नाही. ती फळी हलवते, भिंत हलवते आणि पलीकडे धुमधुम होऊन पोचते. बारीक आवाज मात्र कपाटाच्या दारानेही अडतो, पडद्यात मुरतो.

आणि बोलण्याचा अर्थ बराचसा या बारीक आवाजातच असतो. स, श, फ, त, थ ही अक्षरं हलकी आणि बारीक. म्हातारपणी कान आधी तीच गमावतो. म्हणून आवाज वाढवला की अब्बांना गोंगाट जास्त मिळतो, शब्द नाही. चाचींना तर नुसती धुमधुम. दोघांचंही नुकसान.

त्यात स्पीकर खणात ठेवला की जाड आवाज आणखी फुगतो. रिकाम्या घागरीत तोंड घालून बोलावं तसं होतं. पोकळी कधी मुकी नसते. इस्तंबूलची सुलेमानिये मशीद बांधताना वास्तुकार सिनान यांनी घुमटात मातीचे घट बसवले. मशीद 1557 मध्ये पूर्ण झाली. आवाज नीट राखण्यासाठी तिथे पोकळी मुद्दाम योजली होती. आपल्या कपाटातली पोकळी अशीच राहून गेलेली असते, म्हणून ती त्रास देते.

मिस्त्रींनी काही ठोकण्याआधी आम्ही पंधरा दिवस वेगवेगळ्या जागा करून पाहिल्या. त्यातून हे ठरलं. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. म्हणून तो टीव्हीखाली, खणाच्या अगदी कडेवर, तोंड किंचित वर करून ठेवला, म्हणजे आवाज बसलेल्या माणसाच्या कानाकडे जातो. बाजूचे दोन स्पीकरही खोल न ढकलता कडेशी आणले. ज्यांना मागे भोक आहे, त्यांच्यामागे वीतभर जागा सोडली. आजूबाजूची पोकळी लहानमोठ्या पुस्तकांनी भरली. प्रत्येक स्पीकरखाली जाड रबर घातलं, म्हणजे फळी थरथरत नाही. काचेचं दार काढून तिथे पातळ कापड लावलं. अँप्लिफायर तापतो, म्हणून तो उघड्या फळीवर, वर-मागे हवा खेळेल असा. जाड आवाजाचा डबा, म्हणजे सबवूफर, कपाटात ठेवायचाच नाही. तो समोरच्या भिंतीकडे, जमिनीवर, रबरावर आणि इशानंतर बंद. सेटिंगमध्ये मधल्या स्पीकरचा आवाज थोडा वाढवला, बाकीचे कमी केले.

वरच्या खणात कुरआन शरीफ जुजदानात ठेवलेला आहे. तो खण पूर्ण मोकळा राहिला, तिथे ना स्पीकर ना वायर. घरात तिलावत लावली तर तेव्हा गप्पा बंद. कुरआन वाचला जात असताना लक्ष देऊन, शांत राहून ऐकण्याची ताकीद आहे. चांगली यंत्रणा आली म्हणून तिलावत दिवसभर मागे वाजत ठेवावी, असं नाही.

कायदाही आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा दिली आहे, रात्र दहापासून सहापर्यंत धरून. पण शेजाऱ्याचा हक्क आपल्याला कायद्याने शिकवावा लागत नाही. सूरह निसामध्ये जवळच्या आणि दूरच्याही शेजाऱ्याशी भलाईने वागायला सांगितलं आहे, आणि सूरह लुकमानमध्ये आवाज खाली ठेवण्याची नसीहत आहे.

आता अब्बा पूर्वीपेक्षा कमी आवाजात बातम्या ऐकतात. "काय म्हणाला?" संपलं नाही, पण कमी झालं. उरलेलं काम स्पीकरचं नाही, कानाच्या तपासणीचं आहे. घरात कुणी वडीलधारं सतत आवाज वाढवायला सांगत असेल, तर नवीन स्पीकर घेण्याआधी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे न्यावं. आम्ही अब्बांना नेणार आहोत.

सगळं बसवून झाल्यावर एका रात्री घरातल्या एकाने टीव्ही चालू ठेवला आणि बाकीचे चाचींच्या खाटेजवळ जाऊन उभे राहिलो. घरात स्पीकर भिंतीत बसवणाऱ्या प्रत्येकाने हे करावं. आपल्या सोफ्यावरून आवाज नेहमी चांगलाच वाटतो. तो खरा कसा आहे, ते पलीकडच्या खोलीत उभं राहिल्यावर कळतं.