पहिली दहा मिनिटे

डिसेंबर उजाडला की निफाडचे नाव वर्तमानपत्रांत झळकू लागते. तालुक्यातील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदवलेला पारा राज्यभर वाचला जातो आणि कित्येकदा येथे महाबळेश्वरपेक्षाही अधिक थंडी असते, याचे दरवर्षी नव्याने आश्चर्य व्यक्त होते. गोदाकाठच्या या द्राक्षपट्ट्यात राहणाऱ्या आम्हांला त्याचे अप्रूप नाही. कडाक्याच्या थंडीत द्राक्षमण्यांना तडे जातात, म्हणून शेतकरी बागेत रात्रभर शेकोट्या पेटत्या ठेवतो आणि पहाटे ठिबकमधून विहिरीचे उबदार पाणी वेलींच्या मुळांशी सोडतो. वेलींची इतकी निगा राखणाऱ्या गावात राहूनही स्वतःच्या देहाची निगा राखायला मी शिकलो तो वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही एका चुकीनंतर.

रक्तदाब किंचित वाढल्याचे निदान झाले आणि दिवाळीनंतर मी डॉक्टरांच्या संमतीने पहाटे धावू लागलो. जानेवारीपर्यंत पाच किलोमीटरचा पल्ला सहज जमू लागला आणि त्याबरोबर थोडा गर्वही आला. एके दिवशी उठायला उशीर झाला. पारा सहा अंशांवर होता. सुती बनियनवर दोन स्वेटर चढवून मी घराबाहेर पडताच वेगाने धावू लागलो. धावले की ऊब येईलच, असा माझा हिशेब होता. अर्धा किलोमीटरही झाला नसेल, तोच छातीभोवती कोणी पट्टा आवळल्यासारखे वाटले. शेजारचा तरुण पुढे धावत होता. त्याच्यादेखत थांबण्याची लाज वाटली. ‘एवढ्याने काय होते,’ असे मी मनाशी म्हटले आणि त्याच क्षणी दचकलो. अशाच एका हिवाळी पहाटे माझ्या वडिलांनी छातीत दुखत असताना हेच शब्द उच्चारले होते. त्या दिवसाची संध्याकाळ त्यांनी पाहिली नाही.

मी थांबलो. मुलाला फोन करून बोलावले आणि तडक दवाखाना गाठला. सुदैवाने हृदयाचा आलेख निर्दोष निघाला. डॉक्टरांनी मात्र कारण नीट समजावून दिले. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. अशा वेळी देह तापण्यापूर्वीच वेगाची मागणी केली, तर हृदयावर एकाच वेळी दोन ओझी पडतात. थंड, कोरडी हवा तोंडाने जोरात आत ओढल्यास श्वासनलिकाही आवळल्या जातात. दमा असणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो.

तेव्हापासून पहिली दहा मिनिटे मी धावत नाही. अंगणातच हातपाय मोकळे करतो, मग रस्त्यावर नुसता चालतो. श्वास नाकाने घेतो, म्हणजे हवा फुप्फुसांत जाण्यापूर्वी थोडी उबदार व ओलसर होते. गार वारा असेल, तर तोंडावर पातळ मफलर घेतो. दोन स्वेटरही सुटले. सुती बनियन घाम धरून ठेवते आणि थांबताच तोच ओलावा अंग गारठवतो. म्हणून आता अंगालगत घाम चटकन सुकवणारा कृत्रिम धाग्याचा सदरा, वर हलके जाकीट, कानटोपी आणि हातमोजे एवढेच घालतो. घराबाहेर पडताना थोडी थंडी वाजली पाहिजे. दारातच ऊब वाटली, तर कपडे जास्त झाले असे समजावे. थंडीत तहान कमी लागते, पण घाम येतच असतो, म्हणून निघण्यापूर्वी व परतल्यावर आठवणीने पाणी पितो. परतताच ओले कपडे बदलतो.

वेळही बदलली. जानेवारीत आमच्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. नदीकाठी धुके असते, उसाच्या ट्रॉल्या मागच्या दिव्यांविना धावत असतात आणि जमिनीलगतच्या गार, जड हवेत शेकोट्यांचा धूर साचून राहतो. म्हणून मी उजाडल्यावरच निघतो. फिक्या रंगाचे कपडे घालतो आणि समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने धावतो. धावताना सोबत्याशी एखादे पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की वेग कमी करायचा, एवढे एकच माप मी पाळतो.

आपल्यापैकी अनेकांनी नोकरी आणि संसार सांभाळून उशिरा अभ्यास हाती घेतला असेल, काहींनी व्यायामही. उशिरा आरंभ करणाऱ्याला मागे राहिल्याची रुखरुख असते आणि तीच त्याला पहिल्या पावलापासून पळायला लावते. माझे तसेच झाले होते. आपण चाळिशी ओलांडली असेल किंवा रक्तदाब, मधुमेह, दमा यांपैकी काही असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. छाती, डावा हात वा जबडा दुखू लागला, तर तेथेच थांबावे, कोणाला तरी हाक मारावी आणि विनाविलंब दवाखाना गाठावा. ‘एवढ्याने काय होते,’ हे वाक्य मात्र मनातही म्हणू नये.

शेजारचा तो तरुण आजही मला मागे टाकून जातो. जाताना हात उंचावतो. मी तेव्हा चालतच असतो. माझी दहा मिनिटे अजून संपलेली नसतात.