इगतपुरीचं इंजिन, माजिवड्याचे हात

ठाण्याच्या माजिवडा नाक्यावर दोन रस्ते वेगळे होतात. एक खारेगाव, मानकोली, पडघा करत नाशिककडे निघतो. दुसरा डावीकडे येऊरचे डोंगर आणि उजवीकडे खाडी ठेवून घोडबंदरमार्गे पश्चिम उपनगरांना भिडतो. पहिल्या रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेलं, कसारा घाट चढला, की इगतपुरी. दुसऱ्याने गेलं की पुढे कांदिवली. एका गावी महिंद्राची इंजिनं बनायची, दुसऱ्या ठिकाणी कंपनीचा जुना कारखाना. आमच्या जीपच्या दुरुस्तीचं काम याच नाक्याच्या आसपास व्हावं, याचं मला फार समाधान वाटतं. ती इथे पाहुणी नाही.

जीप एमएम ५४० आहे, ऐंशीच्या दशकातली. आमच्या अण्णांनी ती शहापूरच्या शेतासाठी घेतली होती. नंबरप्लेटवर ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरं, म्हणजे १९८९ साली ‘एमएच’ येण्याआधीची नोंदणी. भाताची पोती, खत, पंपाची मोटर, गणपती, आजारी माणसं, वऱ्हाड, सगळं तिने वाहिलं. अण्णा गेले, शेत वाट्याने कसायला दिलं आणि जीप ताडपत्रीखाली उभी राहिली. विकावी असं घरात कुणी बोललं नाही. दुरुस्त करावी असंही बरीच वर्षं कुणी बोललं नाही.

या गाडीचं कूळ मोठं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बांधल्या. युद्ध संपल्यावर २ ऑक्टोबर १९४५ ला ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तिथले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. विलिसच्या सुट्या भागांची जोडणी मुंबईत माझगावला सुरू झाली ती याच सुमारास. पुढे पेट्रोल महाग झालं, लोकांना डिझेल हवं होतं. १९७९ मध्ये महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजोशी करार करून एक्सडीपी ४.९० हे इंजिन घेतलं आणि ते इगतपुरीला बनू लागलं. अमेरिकन सांगाडा, फ्रेंच काळीज आणि सह्याद्रीच्या माथ्यावरची बनावट. एवढ्या लांबून आलेली वस्तू शहापूरच्या चिखलात अगदी घरची झाली.

इंजिनाचं नाव नीट वाचलं तर अर्धं इंजिन कळतं. चार म्हणजे चार सिलिंडर, नव्वद म्हणजे नव्वद मिलिमीटरचा बोअर. स्ट्रोक ८३, म्हणून २,११२ सीसी. ताकद बासष्ट घोड्यांच्या आसपास, म्हणजे आजच्या साध्या मोटारीहून कमी. पण त्याची खरी थोरवी लायनरमध्ये आहे. पिस्टन ज्या नळकांड्यात खाली-वर होतो ते नळकांडं इथे ब्लॉकपासून सुटं असतं आणि त्याच्या बाहेरून पाणी खेळतं. झिजलं की ब्लॉक बोअर करत बसायला नको. जुना लायनर ठोकून काढायचा, नवा बसवायचा, पिस्टन आणि रिंगा नव्या, की इंजिन पुन्हा कोरं. ते बनवणाऱ्याने दुरुस्त करणाऱ्याचा विचार आधीच करून ठेवला होता. हल्लीच्या यंत्रांत मला हा विचार क्वचित दिसतो, आणि त्याचं वाईट वाटतं.

बाळकूमच्या बाजूला ज्यांच्या गॅरेजात गाडी लावली त्या फिटरना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी प्रथम इंजिनाला हात लावला नाही. ऑइलची काडी ओढली, दोन बोटांत चोळली, उजेडात धरली. ऑइल दुधाळ दिसत होतं. “भाऊ, पाणी उतरलंय. लायनरच्या खालच्या रिंगा गेल्या,” एवढंच म्हणाले. मग खिशातून चुंबक काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि मडगार्डवरून सावकाश फिरवत नेलं. जिथे पत्रा तिथे ते चिकटे. जिथे आधीच्या कुणी पत्र्याऐवजी लांबी थापली होती तिथे घसरून पडे. खडूने तेवढ्या जागेवर गोल काढत गेले. ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यावर तर खडूही चालवावा लागला नाही, स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला.

सडका पत्रा कापायचा, त्याच जाडीचा नवा जोडायचा आणि लांबी शेवटी, नखाएवढी. चाचांचा हा नियम मला सगळ्यात पटला. गंजावर रंग मारला तर तो दोन पावसाळे बरा दिसतो, आतून गाडी जातच असते. ठाण्याची हवा खाडीची. इथे लोखंडाला सवलत नाही.

डाव्या मडगार्डचा पोचा मात्र मी ठोकू दिला नाही. तो अण्णांच्या हातून शेताच्या फाटकावर पडलेला आहे. बाकी हूड नवं कॅनव्हासचं शिवून घेतलं, पाटे उतरवून बुश बदलले, क्रॉस बदलले. काही भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळाले, काही वागळे इस्टेटमधल्या लेथवर वळवून घेतले. रुंद टायर, दिव्यांच्या माळा, डबवालीच्या मॉडिफाय केलेल्या जीपांच्या थाटाचा उंच बांधा, हे सुचवणारे पुष्कळ भेटले. माझं मत स्पष्ट आहे: जी गाडी शेतावर राबली तिला वरातीचा घोडा करू नये. शिवाय नोंदणीत नसलेला असा बदल मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात बसत नाही.

हे सगळं जमलं, कारण माणसं जवळ होती. घोडबंदर, कोलशेत, पोखरण, वागळे या पट्ट्यात एकेकाळी कारखाने दाट होते, आणि त्यांच्या टूलरूममध्ये तयार झालेले हात बाहेर पडून छोट्या गाळ्यांत बसले. आता बहुतेक कारखान्यांच्या जागी टॉवर आहेत, नाक्यावर मेट्रोचे खांब आहेत, आणि गॅरेजं मागच्या मागे सरकत चालली आहेत. नवीन घरांना माझा विरोध नाही. मीही तशाच एका इमारतीत राहतो. पण लायनर बसवणारा, डॉलीवर पत्रा सरळ करणारा माणूस या शहरातून उठून गेला तर तो परत आणता येणार नाही. जीपवर केलेला खर्च हा अर्धा गाडीवर आणि अर्धा त्या हातांवर आहे, असं मी धरतो.

कागदांचंही बघावं लागतं. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायची, तपासणी करून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा, नवी सुरक्षित नंबरप्लेट लावायची. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे, पण ती गाडी रोज रस्त्यावर वापरता येत नाही. आमची जीप त्या वयाची अजून झालेली नाही, आणि झाली तरी मला ती चालवायचीच आहे.

तुमच्या वाड्यात, गोठ्यामागे किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात अशी एखादी जीप झाकून ठेवली असेल, तर तिला थेट स्टार्टर मारू नका. आधी ऑइलची काडी काढून बघा, टाकीतलं जुनं डिझेल उतरवा, आरसी शोधून ठेवा. मग जवळचा जुना फिटर गाठा. काम पुढच्या पावसाळ्यावर ढकलू नका. आणि त्याच्या गॅरेजात शिकणारा एखादा मुलगा असेल, तर हेड उतरवतील त्या दिवशी त्यालाही शेजारी उभं करायला सांगा.